पेट्रोल खाणाऱ्यांना नैवेद्य

३ नोव्हेंबर

ही डायरी ह्यांच्या कंपनीची. दर नव्या वर्षाला एक मिळायची आणि कोरीच कपाटात जायची. हे म्हणायचे, आपल्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय घडतंय, शिफ्ट आणि शेत. हे जाऊन तीन वर्षं झाली. आज एक डायरी काढली. वर छापलेलं वर्ष जुनं आहे, त्यामुळे वार जुळत नाहीत. चालेल. मला कुठं कुणाला भेटीची वेळ द्यायची आहे.

घडलं असं की आज आमटीला पेट्रोलचा वास आला.

पहिला संशय आदिनाथवर. माझा मुलगा चाकणला कंपनीत आहे, मोटरसायकलचं पेट्रोल बाटलीत काढून ठेवायची त्याला सवय आहे. बाटली स्वयंपाकघरात ठेवलीस का म्हणून मी त्याला झाडला. तो म्हणाला, आई, बाटली रिकामी आहे. सुनेनं, पुनमनं, मान खाली घालून सांगितलं की भातालाही येतोय. खरं तर ती आठ दिवस हेच सांगत होती. मीच म्हणायचे, दिवस गेलेल्या बाईला सगळ्याचाच वास येतो.

मग विहिरीचा पोहरा काढून नाकाशी धरला. पाण्यावर मोरपिसासारखे रंग तरंगत होते. दिसायला फार सुंदर. वास मात्र सरळ पेट्रोल पंपाचा.

५ नोव्हेंबर

सोजरबाईला सांगायला नको होतं. शेजारीण चांगली आहे, पण तिला काही सांगितलं की वाडीत दवंडी पिटायची गरज राहत नाही. आज सकाळी बघते तर विहिरीवर बाटल्या, कॅन, एकाच्या हातात तर तूप ठेवायची बरणी. गवराबाईच्या विहिरीला पेट्रोल लागलं म्हणे. सोजरबाई गर्दीच्या पुढं उभी राहून मला म्हणाली, "गवरे, आता तू काय आमाला वळखणार न्हाईस."

रिक्षावाल्या पिंटूनं वरचं वर एक कॅन काढून रिक्षात ओतला. रिक्षा वळणापर्यंत गेली आणि तिथं खोकून बसली. तिघांनी ढकलत परत आणली. त्यानंतर गर्दी पांगली. आदिनाथनं विहिरीला चारी बाजूंनी दोर बांधला आणि कुणी बिडी ओढत आलं तर खैर नाही असं ओरडून सांगितलं. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

१० नोव्हेंबर

पेट्रोल कुठून आलं हे न कळायला आम्ही काही खुळे नाही. वर चढावर बबनरावांचा पंप आहे. बबनराव ह्यांचे लहानपणापासूनचे मित्र. ही विहीर खणली तेव्हा खालचा दगडगोटा वर ओढायची यारी त्यांनीच फिरवली होती. हे तिसऱ्या पाळीहून यायचे आणि न झोपता खाली उतरायचे, बबनराव वर यारीवर. पाणी लागलं तेव्हा दोघं चिखलात नाचले होते.

पाणी लागलं, पण जड. डाळ शिजायला दुपार लागते, भांड्यांवर पांढरे थर, आणि साबण तर दगडावर घासल्यासारखा. ह्यांच्या हातांचं ग्रीस कधी निघालंच नाही. मी ओरडायचे, तर म्हणायचे, पाण्याला बोल. तरी दुसरं पाणी आम्हाला कधी गोड लागलं नाही.

बबनराव आज पांढरा कडक शर्ट घालून आले आणि म्हणाले, "वैनी, माज्या टाकीतनं थेंब जात न्हाई." दुपारी तेलकंपनीची माणसं आली, जमिनीतली टाकी तपासली. थेंब नव्हे, धार जात होती. पंपाची पेट्रोलची बाजू बंद केली. आमचं पाणी प्यायचं नाही, वापरायचं नाही. कंपनी आम्हाला टँकर पाठवणार.

टँकरच्या पाण्यात डाळ लगेच शिजते. पुनम खूश आहे. मला ती डाळ शिळी लागते.

२ डिसेंबर

पाणी साफ करायला एक मुलगी नेमली आहे. विजयश्री नाव. लातूरकडची, राहते रावेतला, इंजिनिअर. आल्या आल्या मला काकू म्हणाली आणि पाणी मागितलं. मग दोघी हसलो.

तिनं समजावलं ते असं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. दुधावर साय धरते तसं ते जमिनीतल्या पाण्यावर पसरलं आणि उताराउतारानं आमच्याकडं आलं. थोडं पाण्यात विरघळलंही. साय काढता येते, विरघळलेलं काढायला वेळ लागतो.

पंप आणि विहीर यांच्यामध्ये तिनं तीन अरुंद बोअर मारले, आत नळ्या सोडल्या, वर झाकण आणि कुलूप. यांतून दर काही महिन्यांनी नमुना घेऊन पाणी कितपत सुधारलं ते बघायचं. तिनं त्यांना इंग्रजी अक्षरं आणि आकडे दिलेत. मी थोरली, मधली आणि धाकटी म्हणते. थोरली पंपाजवळ आहे, तिचाच वास जास्त. थोरल्यांचं असंच असतं.

कुलपांची एक किल्ली विजयश्रीनं माझ्याकडं ठेवली. म्हणाली, पोरं खडे टाकतात, लक्ष असू द्या. किल्ली मी कमरेला लावली.

१८ डिसेंबर

यंत्र आलं. घराच्या पूर्वेच्या भिंतीपासून चार पावलांवर एक मोठी लोखंडी पेटी. ती जमिनीतलं पाणी वर ओढते, वाऱ्यात झोडपते, करवंटीच्या कोळशातून गाळते. आणि दुसऱ्या बाजूनं जमिनीत हवा फुंकते. आवाज म्हणजे काय सांगावं. एकदा घर्र करून वर चढतो, मग थांबतो, मग फुस्स करून उतरतो.

मी विजयश्रीला स्पष्ट सांगितलं की हा आवाज सहन होणार नाही. ती बिचारी माफी मागत होती. आदिनाथलाही सांगितलं, सोजरबाईलाही सांगितलं.

दुपारी जरा आडवी झाले, ते एकदम चहाच्या वेळेला जाग आली. थंडीचे दिवस, होतं असं.

९ जानेवारी

आज कळलं की जमिनीत पेट्रोल खाणारे जंतू असतात. मला वाटलं विजयश्री थट्टा करते आहे. आमच्या वाडीत पेट्रोलवर जगणारे आजवर एकटे बबनरावच होते.

ती म्हणाली, खरंच असतात. मातीत पहिल्यापासूनच आहेत. पण उपाशी, गुदमरलेले. त्यांना हवा दिली आणि थोडं नत्र-स्फुरद दिलं की ते वाढतात आणि पेट्रोल खाऊन टाकतात. यंत्र फुंकतं ती हवा त्यांच्यासाठीच. मी विचारलं, त्यांना आणखी काय आवडतं? ती म्हणाली, तुमच्या-आमच्यासारखेच आहेत काकू, सगळं आवडतं, पण वेळ लागतो.

आदिनाथला सांगून पिंपरीच्या बाजारातून जंतूंवरचं एक जुनं पुस्तक आणवलं. मी शाळेत गेलेली नाही. हे कंपनीच्या कॅन्टीनमधला पेपर घडी करून डब्यात घालून आणायचे, त्यावर मी अक्षरं जुळवायला शिकले. अजूनही छापील कागदाला आमटीचा वास नसला की मला तो खरा वाटत नाही.

२५ जानेवारी

दुपारी यंत्र बंद पडलं. मी धान्य निवडत होते, ते सूप टाकून तशीच बाहेर धावले. पुनम घाबरली, तिला वाटलं मला इंगळी चावली. यंत्राजवळ जाऊन उभी राहिले. कशासाठी धावले कोण जाणे. यंत्र काय मरतं थोडंच.

लगेच विजयश्रीला फोन लावला. ती म्हणाली, अहो काकू, बरंच की, दोन दिवस तुम्हाला शांतता. मी म्हटलं, शांतता कसली, जंतू गुदमरतील तिकडं.

२६ जानेवारी

डास फार झालेत. डोळ्याला डोळा नाही.

२७ जानेवारी

यंत्र सुरू झालं. डासही कमी झाले. बाज पूर्वेच्या भिंतीला सरकवली. तिकडून वारा येतो.

१९ फेब्रुवारी

पहिल्या नमुन्याचा निकाल आला. पेट्रोल निम्म्यानं उतरलं आहे, पण आहे. मार्चअखेर पुन्हा नमुना. त्यात निघालं नाही तर यंत्र हलणार, विहीर मोकळी आणि बबनरावांचा पंप सुरू.

पुनमला एप्रिल लागला की दिवस भरतात. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच. मी ठरवून टाकलं आहे. नातवंडाला पहिल्या दिवसापासून विहिरीच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं. आदिनाथला घातलं होतं. यारीनं दगड उपसून काढलेलं पाणी आहे ते, ह्यांच्या हातचं. नातवंडाला ह्यांचं काहीतरी अंगाला लागलं पाहिजे.

बबनरावांना हे सांगितलं नाही. पण त्यांना म्हटलं, काळजी करू नका, माझी विहीर तुमचा पंप उघडणार. ते म्हणाले, "तुमच्या तोंडात साखर पडो वैनी." पण माणूस वाळला आहे.

४ मार्च

आज ह्यांचा दिवस. पान वाढलं. कावळा यायला उशीर झाला, हे जेवायलाही उशिराच यायचे.

हे तिसऱ्या पाळीचे. सकाळी यायचे, दुपारी पूर्वेच्या खोलीत झोपायचे. घोरणं असं की पत्र्यावरच्या चिमण्या उडायच्या. मी भिंतीच्या अलीकडं बसून धान्य निवडायची. एकदा दुपारी घोरणं थांबलं. मला वाटलं, कूस बदलली असेल. मूठभर तांदूळ निवडून झाले, तरी सुरू होईना, मग उठून बघायला गेले.

बस. जास्त लिहीत नाही.

२४ मार्च

बबनराव मनानं चांगलेच आहेत, लोक उगाच बोलतात.

दुपारी त्यांचा माणूस टँकर घेऊन आला, मागून ते स्वतः केळीचा घड घेऊन. म्हणाले, "वैनी, तीन दिसांनी नमुना घ्यायचा हाय. नळ्या किती मातकट झाल्यात. जरा धुऊन घेतो, किल्ली द्या." मला पटलं. पाहुणे यायच्या आधी आपण अंगणात सडा घालतोच की. किल्ली दिली. थोरलीत पाइप सोडला, मग मधलीत. त्यांचा माणूस सारखा तंबाखू मळायला जायचा, म्हणून पाइप मीच धरला. पाणी पीत पीत थोरली दमत नव्हती. संध्याकाळी दुसरा टँकर आला, तोही ओतला. धाकटी लांब आहे, पाइप पुरला नाही.

जाताना बबनराव म्हणाले, "कुनाला सांगू नका वैनी." काही लोकांना केलेल्याचा बोभाटा आवडत नाही.

त्यांचा माणूस थोरलीला कुलूप लावायचं विसरला.

२५ मार्च

सगळा दिवस मनात एकच घोळत होतं. एवढं पाणी ओतलं, जंतू वाहून गेले असतील, नाहीतर उपाशी तरी असतील. धुण्याच्या नादात त्यांचं पेट्रोल पुढं गेलं असणार. परवा परीक्षा आणि पोटात काही नाही.

गोठ्यात शेतासाठी जीवामृताचा पिंप आंबायला ठेवला होता. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. पुस्तकात लिहिलं आहे की जंतूंना नत्र लागतं, गोड लागतं, ऊब लागते. या पिंपात सगळं आहे. शिवाय आमच्या गाईचं.

थोरली उघडीच होती. एक बादली ओतली. मधलीचं कुलूप काढून तिलाही दिलं, नाहीतर म्हणेल थोरलीचेच लाड. मग कुलपं नीट लावली. वर हळदकुंकू वाहिलं. खाणारा कोण आहे ते दिसत नसलं म्हणून काय झालं, देवही दिसत नाही.

पुनमनं विचारलं, "आत्या, काय करताय?" म्हटलं, न्यावद दाखवते. ती पदर नाकाला लावून आत गेली. समजूतदार आहे.

२७ मार्च

आजचं क्रमानं लिहिते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

विजयश्री सकाळी आली. पाठोपाठ बबनराव, कपाळाला गंध, हातात पेढे. नमुना घ्यायच्या आधीच पेढे. नमुन्याची रीत अशी की नळीत छोटा पंप सोडून आधी उभं पाणी बराच वेळ उपसून टाकायचं, मग खालून ताजं येईल ते बाटल्यांत भरायचं. थोरलीत पंप सोडला. पहिल्याच धारेला गोठ्याचा वास सुटला. विजयश्रीच्या बादलीत पिवळं पाणी आणि शेणातल्या काड्या. तिनं बादलीत बघितलं, मग नळीत बघितलं, मग आकाशात बघितलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांच्या भांड्याला आपल्यामुळे घाण लागली तर काय तोंड दाखवायचं? तोवर धार स्वच्छ झाली होती. मोरीवरचा अंगाचा साबण आणला, तिच्या हातातली बादली ओढून घेतली आणि त्याच पाण्यात घासायला बसले. ती ओरडत होती, "काय करलालाव काकू, नमुन्याच्या बादलीला साबण लावत नसतेत." पण मी घासायला बसले की मला ऐकू येत नाही.

आणि फेस आला. थोडाथोडका नाही. बादली भरून वर आला, माझ्या कोपरापर्यंत चढला, खाली गळून मातीत पसरला. या घरात नवरी म्हणून आले तेव्हापासून या पाण्याला असा फेस मी बघितला नव्हता. "अहो, बघा" असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

विजयश्रीला म्हटलं, "पोरी, तुज्या जंतूंनी पेट्रोल तर खाल्लंच, वर क्षार बी खाल्लं."

तिनं माझ्या हातातला साबण घेतला, स्वतःच्या हाताला लावला, चोळत राहिली. मग म्हणाली, "जंतू क्षार खात नसतात, काकू."

"मग पाणी हलकं कसं झालं?"

"तेच विचारलालेय मी."

बबनराव म्हणाले, वैनी, जरा च्या ठेवा की. मी म्हटलं, ठेवते, पण पोरगी काय विचारते त्याला उत्तर तर देऊ द्या. तिनं किल्ली कुणाकुणाकडं होती ते विचारलं. तिला माझ्यावर संशय नको म्हणून मी सगळं सांगितलं. किल्ली माझ्या कमरेची सुटली नाही, एकदाच बबनरावांना दिली, तीही टँकरनं नळ्या धुवायला, आणि तेव्हाही मी तिथंच होते, पाइप मीच धरला होता. बबनरावांना खोकला सुरू झाला. मला वाटलं, कौतुक ऐकून संकोचले. म्हणून आणखी सांगितलं.

"ह्या मानसाचा जीव बघ. दोन टँकर ओतलं. आणि वर म्हनला, कुनाला सांगू नका. मोठेपना नको त्याला."

यंत्र तेवढं चालू होतं. विजयश्री बबनरावांकडं बघत होती, बबनराव पेढ्यांच्या पुड्याकडं. मग ते पुडा घेऊन उठले आणि निघून गेले. आणलेले पेढे कुणी परत नेतं का? मला विचित्र वाटलं.

मग तिनं शेणाचं विचारलं. नैवेद्याचं सांगितलं. ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. म्हणाली, "काकू, तुमच्या नैवेद्यानं वाचवलं." कुणाला, ते सांगितलं नाही. नमुना न घेताच गेली. किल्ली मात्र मागून घेतली. कमर हलकी झाली. अपमानच तो.

२८ मार्च

आदिनाथ ओव्हरटाइम करून आला, तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. मग माझ्या पुढ्यातला चहा घेतला आणि म्हणाला, "आई, समज ह्यात पेट्रोल पडलं. आपन वरनं दूध ओतत राहिलो. घोटभर चाखलं तर वास येनार न्हाई. पन पेट्रोल गेलं का?"

कळलं.

नमुना स्वच्छ निघाला असता. यंत्र गेलं असतं. दोन टँकरचं पाणी चार दिवसांत मातीत मुरलं असतं आणि खालचं पुन्हा वर आलं असतं. आणि मी हौसेनं दोर बांधून पोहरा काढला असता, बाळासाठी.

आज बाजेवर पडले, पण उठून बसले.

३० मार्च

बबनराव आले. पायरीवरच बसले. म्हणाले, "वैनी, तुमी मला बुडवलं."

मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, "मी तर तुमचा पाइप धरला व्हता, भाऊजी. त्या इहिरीच्या पान्यानं मी नातवंडाला न्हाऊ घालनार व्हते."

त्यांनी वर बघितलं. म्हणाले, त्यांना वाटलं होतं टँकर चालूच राहील, हल्ली विहिरीचं पाणी वापरतं कोण. मी म्हटलं, मी. त्यांनी मान खाली घातली. दिवाळीपासून पंप अर्धा बंद आहे, पोरं घरी बसली आहेत, कंपनी पंप काढून घेईल, असं काय काय पुटपुटले. तेही खोटं नव्हतं. यारी फिरवून त्यांच्या हाताची सालं गेली होती, मीच हळद लावली होती, तेही खोटं नव्हतं. एवढं सगळं खरं एकाच माणसात कसं मावतं?

चहा दिला. साखर घातली नाही. त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्याला.

उठताना म्हणाले, काय शिक्षा करायची ती करा. बोलून गेले बिचारे. मी लगेच तांदळाचं सूप खाली ठेवलं.

१२ एप्रिल

नात झाली. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात, काल पहाटे. कपाळ ह्यांच्यासारखं, नाक देव जाणे कुणासारखं. पुनम बरी आहे.

१५ एप्रिल

बाळाला घरी आणलं आणि बबनरावांची शिक्षा सुरू झाली. ती अशी: सव्वा महिना बाळाच्या आंघोळीचं पाणी त्यांनी आणायचं. टँकर घरापर्यंत येणार नाही, वेशीवर थांबणार. तिथून हंडा खांद्यावर, वाडीतून चालत.

सोजरबाईनं पाटावर बसून बघायची सोय केली. पांढरा शर्ट पहिल्याच दिवशी भिजून अंगाला चिकटला. सोजरबाई म्हणाली, "बबनराव, नळ्या धुवायच्या ऱ्हायल्यात का अजून?" त्यांनी हंडा दुसऱ्या खांद्यावर घेतला. पिंटूनं रिक्षात घेऊन जातो म्हटलं, तर मी त्यालाच दम दिला.

२ मे

बबनराव आता बनियन आणि पंचावर येतात. हंडा हिंदकळत नाही. पाणी कढत झालं की नाही ते कोपरानं तपासतात आणि मला शिकवतात. वर पंपाची जुनी टाकी उकरून काढली, नवी दुहेरी भिंतीची बसवतायत. खड्डा केवढा म्हणता, बबनराव स्वतः काठावर उभे होते. मी म्हटलं, यारी आणू का? हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदाच हसले.

२० मे

आज पुनमनं विहीर पुजली. सव्वा महिन्यानं बाळंतीण पाण्याला जाते, हळदकुंकू वाहते आणि कळशी भरून घरात आणते. कळशी आज टँकरच्याच पाण्यानं भरली, विहिरीला नुसती दाखवली. मी विहिरीला वाकून म्हटलं, रागावू नकोस, बरी हो आधी. मग थोरली, मधली, धाकटी यांना कुंकू लावलं, आणि उरलेलं यंत्राला.

विजयश्री आली होती, बाळाला झबलं घेऊन. नव्यानं नमुने घेतले होते, त्यांचा निकाल तिनं सांगितला. पेट्रोल कमी होतंय, खरोखरीच होतंय, पण यंत्र अजून दीड वर्ष तरी चालवावं लागेल. म्हणाली, "आवाजाचा त्रास होईल तुम्हाला काकू, काय करू?"

मी वाईट चेहरा केला. म्हटलं, आता सोसायचं, दुसरं काय.

जाताना तिनं पदरात किल्ली टाकली, नव्या कुलपांची. "तुमच्याकडंच राहू द्या. फक्त नैवेद्य नको."

जेवणं झाली. बाळ रडायला लागलं ते थांबेना. पुनमनं घेतलं, सोजरबाईनं घेतलं, बबनरावांनी खुळखुळा वाजवला. शेवटी मी घेतलं आणि पूर्वेच्या खोलीत गेले, बाजेवर टेकले. भिंतीपलीकडं यंत्र घर्र करून चढत होतं, थांबत होतं, फुस्स करून उतरत होतं. दोन-तीनदा ऐकलं आणि बाळाच्या मुठी सुटल्या. झोपलं.

आदिनाथ दारात उभा होता. किती वेळ होता ठाऊक नाही. हळूच म्हणाला, "बाबांसारखंच घोरतंय ना हे?"

मी म्हटलं, छे, त्यांचं घोरणं जास्त सुरात होतं.

बाजेचा एक पाय त्यानं धरला, दुसरा मी धरला, बाळाला न उठवता बाज आणखी हातभर भिंतीकडं सरकवली.

तिकडून वारा येतो.